पाण्यावरची पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मेळाव्यात बोलण्याजोगे गंभीर विषय पुष्कळ आहेत. परप्रांतातील मराठीचे भवितव्य, नव्या पिढीचे शिक्षण, मंडळाच्या वास्तूचे गळके छप्पर, इत्यादी. हे सर्व विषय कार्यकारिणीने योग्य त्या वक्त्यांकडे सोपविले आणि आमच्यासाठी 'जहाजावरील आवडते पदार्थ व तेथील भोजनगृहे' हा विषय राखून ठेवला. आमच्या योग्यतेविषयी कार्यकारिणीचे मत काय आहे, ते यावरून आपल्या ध्यानात येईलच. तथापि हा विषय आम्ही आनंदाने स्वीकारला. गेल्या काही वर्षांत आपल्यातील अनेक कुटुंबे सागरी सफरी करून आली. परतल्यावर समुद्राविषयी त्यांनी दोन वाक्ये सांगितली आणि जेवणाविषयी दोन तास. तेव्हा या विषयाला श्रोत्यांची उणीव पडणार नाही, अशी आमची खात्री आहे.

दुसरेही एक कारण आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षाची सहल काशीस न्यावी आणि एका संध्याकाळचे जेवण गंगेवर, शिंदे घाटावरून निघणाऱ्या नौकेत करावे, असे ठरले. सहल ठरायला एक बैठक लागली. जेवण ठरायला तीन. एका पक्षाचे म्हणणे असे की नौकेवर जायचे तर नौकेवरचेच जेवावे, घरचे डबे कशाला वाहायचे? दुसरा पक्ष म्हणाला, पन्नास वर्षे मंडळाचे प्रत्येक जेवण आपल्या हाताने रांधले गेले, आणि महोत्सवाचेच जेवण ठेकेदाराच्या हाती द्यायचे? तेव्हा महिला विभागातील एक ज्येष्ठ भगिनी, ज्या सहसा बैठकीत बोलत नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "ती पन्नास वर्षे रांधले कोणी? एक दिवस आम्हांलाही वाढलेले ताट मिळू द्या." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. ठेका देण्याचे ठरले. पुढे त्या ठेक्याचे काय झाले ते आम्ही शेवटी सांगू, कारण त्याचा निर्णय लावण्यापूर्वी पाण्यावरच्या जेवणाचा थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे.

प्रारंभ शिंदे घाटापासूनच करू. मणिकर्णिकेला लागून उत्तरेकडे हा घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. बायजाबाई या कागलच्या घाटग्यांच्या कन्या आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. ज्ञानवापीभोवतीचा स्तंभमंडपही त्यांचाच. घाटाचे दगडी काम इतके अवजड झाले की काठाची माती ते पेलू शकली नाही आणि बांधकाम खचले. शेजारीच रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही एका अंगास कललेले दिसते; पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्यात असतो. तेथून पुढे पाण्याच्या वाटेने चालले की भोसले घाट लागतो, मग पेशव्यांची आठवण देणारा बालाजी घाट, पुढे पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. या वस्तीत मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदली. घरापासून दूर राहणारी मराठी कुटुंबे म्हणजे आपणच पहिली, असा आपला समज असेल तर तो काशीच्या घाटावर सोडून यावा. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकातच तेथे बिऱ्हाड केले होते.

शिंदे हे नाव मात्र केवळ घाटावर थांबले नाही, ते समुद्रावरही गेले. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचे एक प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतले आणि 'लॉयल्टी' या नावाने ते रुग्णालय-जहाज म्हणून वापरले गेले. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी ते विकत घेतले, व ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव आपल्या नव्या कंपनीला दिले. तीच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. आपला राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेस पाळतात. कोकण किनाऱ्यावरची बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोटवाहतूकही पुढे याच कंपनीकडे आली. तेव्हा आपल्यापैकी ज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटीने प्रवास केला, त्यांनी शिंद्यांच्या नावाखाली कधी ना कधी चहा प्यालेला असण्याचा संभव आहे.

आमच्या मते पाण्यावरचे पहिले मराठी भोजनगृह म्हणजे या कोकण बोटीचा डेक. तेथे पाटी नव्हती आणि खुर्च्याही नव्हत्या. चादर अंथरून जागा अडवायची, ट्रंक उशाला घ्यायची, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मोजीत जायचे. बोटीवर उपाहारगृह असे. चहा, बटाटेवडा, आम्लेट-पाव मिळे. परंतु खरे जेवण शिदोरीतूनच निघे. दुधात भिजविलेल्या दशम्या, लसणीची चटणी, कोरडा झुणका, बेसनाचे लाडू. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवीत, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राही आणि शिळीही वाटत नसे. प्रवासात आजीच्या कमरेला आवळासुपारीची पिशवी असे, कारण 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग ज्या भाषेने घडविला, तिला समुद्रावरच्या पोटाची पूर्ण कल्पना होती.

त्या डेकवरचा आमचा आवडता पदार्थ कोणता, असे विचाराल तर पहाटेचा चहा, असे आम्ही सांगू. रत्नागिरीच्या सुमारास उजाडू लागे, पडाव बोटीला लागत, हमाल व उतारू यांचा गलका होई, आणि त्या गलक्यात शेजारच्या चादरीवरच्या अनोळखी काकू आपल्या डब्यातले घावन आमच्या हातावर ठेवीत. त्यांची जात, गाव, आडनाव काहीही आम्हांला ठाऊक नसे. आमच्या आईने त्या बदल्यात दोन लाडू दिले की पंगत पुरी झाली. आज विचार करता वाटते, एरवी एकमेकांच्या ओसरीवरही न बसणारी माणसे त्या डेकवर एकमेकांचे खात होती, ही लहान गोष्ट नव्हे.

कारण जहाजावरचे अन्न हा आपल्या समाजात फार दिवस वादाचा विषय होता. समुद्रगमनाला शास्त्राचा विरोध सांगितला जाई, त्यामागे कोणाच्या हातचे खाणार हाही प्रश्न असे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा. वैद्यकीच्या शिक्षणासाठी निघालेली ही मुलगी आपला शाकाहार सोडायला तयार नव्हती, आणि त्या काळच्या जहाजावर शाकाहारी माणसाची गणतीच नसे. ते सुमारे दोन महिने तिने पोटाची समजूत कशी घातली असेल, याची कल्पना आज प्रत्येक जेवणात चार भोजनगृहांपैकी एक निवडणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा तरी करावी.

पुढे १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली आणि त्यावरून मोठे ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. म्हणजे पुण्यातल्या चहाच्या पेल्याचा दोष गंगेत धुतला गेला. आज त्याच गंगेवर, शिंदे घाटाच्या पायऱ्यांशी लागलेल्या नावेत, मातीच्या कुल्हडातला चहा प्रत्येक यात्रेकरूच्या हाती येतो आणि तो कोणी केला हे कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की जहाजावर बसून निर्वेधपणे जेवता येणे हे आपल्याला सुखासुखी मिळालेले नाही. कोणी तरी त्यासाठी उपास काढले आणि बोलणी खाल्ली आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत आपल्यातील कित्येक ज्येष्ठ मंडळी बॅलार्ड पिअरवरून परदेशी गेली. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी असत. १९५३ पासून इटालियन लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीच्या 'एशिया' आणि 'व्हिक्टोरिया' याही मुंबईस येऊ लागल्या. त्या प्रवासाच्या कथा आम्ही या मंडळातच ऐकल्या आहेत. जेवणाची घंटा, छापील पदार्थपत्रिका, डाव्या-उजव्या हातांच्या काट्यासुऱ्या आणि सुपाचा चमचा नेमका कोणता ही चिंता. शाकाहारी मराठी माणसाचे आराध्यदैवत म्हणजे उकडलेला बटाटा. खिशात मेतकुटाची लहान बाटली असे, आणि वाढपी पाठमोरा झाला की ती बटाट्यावर उपडी होई. एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला सांगितले की चौथ्या दिवशी त्या वाढप्यानेच हळूच बाटलीची चौकशी केली, आणि सुएझपर्यंत ती रिकामी होण्यात त्याचाही हात होता.

आता आजच्या सफरींकडे येऊ. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली आणि काही काळ धावली. नाव अर्थात् कान्होजी आंग्र्यांचे. २०२१च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे सफरी करू लागले. 'लॉयल्टी'चे पूर्वीचे नावही 'एम्प्रेस'च होते, हा योगायोग आम्हांला मौजेचा वाटला. अशा जहाजावर एक मुख्य भोजनकक्ष असतो. तेथे ठरल्या वेळी, ठरल्या मेजावर वाढपी आणून वाढतो. दुसरा मोठा कक्ष आपापल्या हाताने वाढून घेण्याचा. त्याशिवाय वेगळे पैसे भरून जेवण्याची खास भोजनगृहे असतात, चिनी किंवा इटालियन पदार्थांची. शाकाहारी तर राहोच, जैन पद्धतीचे जेवणही मागितल्यास मिळते.

या थाटात एक उणीव मात्र आपल्या प्रत्येक भगिनीने आम्हांला सांगितली, ती म्हणजे तव्यावरून उतरून विस्तवावर फुगलेला फुलका जहाजावर मिळत नाही. हा स्वयंपाक्याचा दोष नव्हे. समुद्रावर सर्वांत मोठे भय आगीचे, म्हणून मोठ्या प्रवासी जहाजांच्या मुदपाकखान्यात उघडी ज्योत सहसा ठेवीत नाहीत. सर्व काम विजेच्या तप्त पत्र्यांवर आणि भट्ट्यांत होते. जहाज डोलले तर भांडी घसरू नयेत म्हणून शेगड्यांना कठडे असतात. भाजीपाला बंदरात चढतो आणि पुढचे बंदर येईपर्यंत पुरवावा लागतो. एवढ्या अडचणींतून शेकडो माणसांना वेळेवर गरम वरण मिळते, हेच आश्चर्य मानावे आणि फुलका घरी येऊन खावा.

आमची स्वतःची आवडनिवड विचाराल तर ती साधी आहे. पहिल्या रात्री पंचवीस पदार्थांची रांग पाहून भुलू नये. दहीभात, लिंबाचे लोणचे आणि आल्याचा तुकडा एवढ्यावर भागवावे, म्हणजे बोट लागत नाही. पथ्य किंवा उपास असेल तर जहाजावर चढल्या दिवशीच मुख्य वाढप्याला सांगावे; एकादशीच्या सकाळी साबुदाणा मागून तो समुद्रातून निघत नाही. खास भोजनगृहात एकदा जावे, रोज नव्हे. आणि ठरल्या मेजावर एखादे अनोळखी कुटुंब शेजारी आले तर जागा बदलून मागू नये. आम्हांला त्या जहाजांवरच्या पदार्थांपैकी फार थोडे आठवतात. जे आठवतात ते कोणाबरोबर खाल्ले त्यामुळेच आठवतात.

समुद्रावरून पुन्हा नदीवर येऊ. १३ जानेवारी २०२३ रोजी काशीहून 'गंगा विलास' हे नदीजहाज दिब्रुगढकडे निघाले. बांगलादेशातून जाणारा सुमारे ३,२०० किलोमीटरचा, ५१ दिवसांचा प्रवास. खोल्या अठरा, प्रवासी छत्तीस. पहिल्या फेरीत बत्तीस जण स्वित्झर्लंडचे होते. जहाजावर चाळीस आसनांचे भोजनगृह, आणि जेवण शाकाहारी, त्या त्या प्रदेशातल्या ताज्या भाज्यांचे. मद्य नाही. ज्या जहाजावर आनंदीबाईंना शाकाहारासाठी झगडावे लागले, ते जहाज आणि हे जहाज यांच्यात एकशे चाळीस वर्षांचे अंतर आहे. आता परदेशी पाहुणा आपल्या मेजावर बसून भोपळ्याची भाजी निमूटपणे खातो.

परंतु काशीला नदीवर जेवण्यासाठी या जहाजाची वाट पाहावी लागली नव्हती. होळीनंतरच्या मंगळवारी होणारा 'बुढवा मंगल' म्हणजे बजड्यांवरचा उत्सव. सजविलेल्या मोठ्या नावा, गाणे, थंडाई आणि विडे. 'बहरी अलंग' ही तेथील दुसरी रीत. काम आटोपले की नावेने पलीकडच्या वाळवंटात जायचे, स्नान करायचे, थंडाई घोटायची, गोवऱ्यांवर बाटी भाजायची आणि दिवेलागणीला परतायचे. इंग्रजी अमदानीत गंगेवर लांबचा प्रवास करणाऱ्या साहेबांच्या नावेमागून स्वतंत्र स्वयंपाकाची नाव येत असे. फॅनी पार्क्स ही अशीच नावेने हिंडणारी प्रवासी बाई. ग्वाल्हेरहून दूर कराव्या लागलेल्या बायजाबाई शिंद्यांची आणि तिची १८३५ मध्ये फत्तेगढच्या छावणीत मैत्री झाली, असे तिने १८५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात वाचायला मिळते. ज्या बाईने काशीत एवढा घाट उभारला, तिलाही आयुष्याची काही वर्षे तंबूत, परक्या मुलखात काढावी लागली.

आता आमच्या त्या संध्याकाळकडे वळतो. मार्गशीर्षाचे दिवस होते. सकाळी मंडळींनी मलइयो खाल्ला होता. रात्रभर दवात ठेवलेले दूध पहाटे घुसळून त्याचा केशरी फेस कुल्हडात देतात. तोंडात घालताच नाहीसा होणारा हा पदार्थ थंडीतच मिळतो. कचौडी गल्लीत कचौडी-भाजी आणि जिलबी झाली होती. दुपारी चारला आम्ही बेचाळीस माणसे शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर जमलो. बजडा तयार होता. जेवण मात्र आले नाही. ठेका घेणाऱ्या सद्गृहस्थांकडे त्याच संध्याकाळी एक लग्न होते आणि आमची तारीख त्यांच्या लिहिण्यात चुकली होती. दूरध्वनी झाले, क्षमायाचना झाली, आगाऊ रक्कम परत मिळाली. पोटे मात्र रिकामीच होती. ज्या भगिनींना एक दिवस वाढलेले ताट हवे होते, त्याच पिशव्या उघडून दशम्या मोजू लागल्या. ते पाहून आम्हां पुरुष मंडळींना प्रथमच खरी लाज वाटली, हे येथे कबूल केले पाहिजे.

नावाडी वयस्क होता. तो म्हणाला, "उस पार चलिए बाबूजी, बाटी लगा देते हैं।" त्याचा मुलगा पायऱ्या चढून वरच्या गल्लीतून कणीक, वांगी, बटाटे, टोमॅटो, तूप आणि गोवऱ्या घेऊन आला. महिला मंडळींना आम्ही बजड्यावरून उतरू दिले नाही. पलीकडच्या वाळूत नावाड्याने विस्तव केला आणि मंडळाचे माजी अध्यक्ष, दोन बँक अधिकारी, एक निवृत्त अभियंता व प्रस्तुत वक्ता हे पाच जण आयुष्यात प्रथमच बेचाळीस माणसांची कणीक मळायला बसले. पहिली परात नावाड्याने पुन्हा मळून घेतली. त्याविषयी अधिक बोलत नाही.

अंधार पडण्याच्या सुमारास बाट्या राखेतून निघाल्या, फडक्यात झटकल्या गेल्या आणि तुपात बुडाल्या. भाजलेली वांगी-बटाटे-टोमॅटो कुस्करून त्यांत मोहरीचे तेल, हिरवी मिरची, लसूण घालून चोखा झाला. ताटे बजड्यावर गेली, आणि पन्नास वर्षांत प्रथमच मंडळाची पहिली पंगत केवळ महिलांची बसली. वाढायला पुरुष. धुळ्याच्या एक काकू पहिला घास घेऊन थांबल्या. आम्हांला वाटले, बाटी कच्ची राहिली. त्या म्हणाल्या, "अहो, ही तर आमची बट्टी! आणि हे भरीतच की!" मग त्यांनी सांगितले की खानदेशात बट्टीच्या कणकेत मक्याचे भरड पीठ आणि ओवा घालतात, ती आधी वाफवून मग तळतात, आणि वर वरण ओततात. माहेर सुटल्याला त्यांना चव्वेचाळीस वर्षे झाली होती. नावाड्याच्या बायकोसाठी त्यांनी एक ताट वेगळे काढले व त्यात आपली लसणीची चटणी वाढली. नावाड्याने ती चाखून कृती विचारली.

शेजारी बसलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीने तेव्हा विचारले, "काकू, मग हे जेवण आपले की त्यांचे?" काकू म्हणाल्या, "ज्याला करता येते त्याचे." त्या रात्री ऐकलेले याहून शहाणपणाचे वाक्य आम्हांला आठवत नाही. पलीकडे मणिकर्णिकेचा विस्तव दिसत होता, शिंदे घाटावर दिवे लागले होते, आणि मुली काकूंकडून बट्टीच्या कणकेचे प्रमाण विचारून घेत होत्या.

मात्र त्याच गप्पांत एक गोष्ट उघड झाली, आणि तीच आज आपल्यापुढे ठेवण्यासाठी आम्ही एवढे बोललो. मंडळाच्या गुढीपाडव्याला दोनशे माणसांची पुरणपोळी होते. तिचे प्रमाण कोठेही लिहिलेले नाही. ते ज्या एका भगिनीला ठाऊक आहे, त्यांना आम्ही बजड्यावर विचारले. त्या म्हणाल्या, "वजनात सांगता येत नाही, हाताला कळते." त्यांचे वय एकोणऐंशी आहे. मसालेभाताचा मसाला, वालाचे बिरडे, कोकणातल्या घरची सोलकढी, नागपूरकडचे सांडग्यांचे कालवण, या सगळ्यांची हीच स्थिती. आपण वास्तू उभारली, तिच्यावर संगमरवरी पाटी लावली. पुरण मात्र एका माणसाच्या हातात राहिले. बायजाबाईंचा घाट दगडाचा होता आणि तो खचला. त्याच्या माथ्यावरच्या गल्ल्यांतून मराठी स्वयंपाक टिकला तो एकीने दुसरीला शिकविल्यामुळे.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, येत्या वर्षभरात महिन्यातून एका रविवारी एकेका ज्येष्ठ भगिनीने रांधावे आणि दोन तरुण सभासदांनी शेजारी तराजू घेऊन बसावे. हाताला जे कळते ते वजनात उतरवावे, आणि त्या वहीत कृतीखाली त्या भगिनीचे नाव लिहावे. दुसरी, त्या दोघांपैकी एक मुलगा असलाच पाहिजे. तिसरी, मंडळाची सहल समुद्रावर जावो की नदीवर, जहाजाचे जेवण अवश्य जेवावे, त्या काठाचा एक पदार्थ अवश्य खावा, आणि आपल्या घरचा एक पदार्थ इतका अधिक न्यावा की नावाड्याला, वाढप्याला आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाला पुरेल. पहिली पंगत महिलांची.

या सूचना कार्यकारिणीने मान्य कराव्यात अशी विनंती आहे. कणीक मळण्याच्या कामी आमचे नाव पहिले लिहावे. अनुभव आता एका परातीचा आहे.